मीटरचं माप जुन्या साखळी-आण्यांशी जुळत नाही? फरक कुठून येतो ते असं शोधा

बांधाची लांबी टेपने किंवा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मीटरमध्ये घेतली, जुन्या टिपणाची (पूर्वीच्या मोजणीतली मापं लिहिलेल्या कच्च्या आकृतीची) नक्कल समोर ठेवली, मीटरचे साखळ्या-आणे केले आणि आकडे काही जुळेनात. कधी दोन आण्यांचा फरक, कधी अर्ध्या साखळीचा, कधी तर सरळ दुप्पट. मग पुन्हा मोजायचं आणि पुन्हा तोच फरक बघत बसायचं. हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेक वेळा जमीन जागेवर असते, टेपही बरोबर असतो, चूक एकक बदलताना झालेली असते. पण तोवर बांध सरकल्याची चर्चा गावभर झालेली असते, आणि ती मागे घेणं फार अवघड जातं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. फरक आला की लगेच आकडे ओढूनताणून जुळवायला जाऊ नका. आधी तो फरक कसा वागतो ते बघा. लांबीबरोबर वाढतो का? सगळीकडे सारखाच राहतो का? एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, असं होतं का? प्रत्येक चुकीची चाल वेगळी असते आणि त्या चालीवरून चूक ओळखता येते. त्यासाठी निदान तीन-चार रेषा तरी मोजलेल्या हव्यात, त्यातली एक छोटी आणि एक लांबलचक. एकाच रेषेवरून निदान करू नका.

आणखी एक गोष्ट गणिताच्याही आधी. टिपण सर्व्हे नंबरचं असतं आणि आज तुमच्या हातात गट नंबर असतो. जमिनींच्या एकत्रीकरणात अनेक ठिकाणी दोन-तीन सर्व्हे नंबर किंवा त्यांचे हिस्से एका गटात आले. तुम्ही मोजलेली रेषा आणि टिपणातली रेषा एकच आहे याची खात्री नसेल, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

मूळ मापं

मुंबई इलाख्याच्या मोजणीत जमीन मोजायला ३३ फुटांची साखळी वापरली जायची. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली, ती पुढे इलाखाभर पसरली. आपल्याकडचा एकर-गुंठ्यांचा हिशेब या मोजणीला धरून आहे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे.

आजचा फूट बरोबर ०.३०४८ मीटरचा आहे, १९५९ पासून तोच आंतरराष्ट्रीय करार चालतो. त्यावरून एक साखळी १०.०५८४ मीटर आणि एक आणा ०.६२८६५ मीटर. फूट-इंचात आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्यांची शेपटं कापू नका. बरेचसे घोटाळे त्या शेपटातच आहेत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे चुका शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतील. जागेवर मोजलेली लांबी १८७.४० मीटर. आणे काढायचे तर १८७.४० ला ०.६२८६५ ने भागायचं. येतात २९८.१, म्हणजे २९८ आणे. त्याला सोळाने भागलं की भागाकार १८ आणि बाकी १०. उत्तर १८ साखळ्या १० आणे. उरलेला दशांश सहा सेंटिमीटरचा आहे, तो सोडून द्यायचा. आता हेच माप लोकांच्या हातून कसं बिघडतं ते बघू.

निम्मं किंवा दुप्पट येतंय

टिपणात १८ साखळ्या १० आणे आणि तुमच्या कागदावर ९ साखळ्या ५ आणे आले, तर तुम्ही ६६ फुटांची साखळी धरली आहे. ही गंटरची साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ती रूढ केली. तिची लांबी २०.११६८ मीटर आणि तिच्यात शंभर कड्या. इंटरनेटवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर साखळी म्हटलं की हीच धरतात. त्यात आपली ३३ फुटांची साखळी बहुधा नसते, म्हणून तिथे मीटर टाकले की उत्तर निम्मं पडतं. उत्तराची दुप्पट करून काम भागेल असं वाटतं, पण कॅल्क्युलेटर उत्तर दशांशात देतो आणि आणे मग हाताने काढावे लागतात. तिथे पुढची चूक वाट बघत असते. त्यापेक्षा मीटरला थेट आण्याने भागणं बरं.

जवळजवळ तिप्पट फरक असेल, म्हणजे ३.०३ पट, तर कुणीतरी शंभर फुटांची इंजिनिअरची साखळी धरली आहे. असं क्वचित होतं, पण होतं.

हातातला कागद कुठल्या साखळीचा आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. साखळ्यांच्या पुढचा आकडा बघा. पूर्ण पानावर तो कुठेही १५ च्या वर जात नसेल तर ते आणे आहेत आणि साखळी ३३ फुटांची. ४०, ७२, ९५ असे आकडे दिसले तर त्या कड्या आहेत, आणि तो कागद ६६ फुटांच्या साखळीचा असण्याची शक्यता जास्त. एक-दोन नोंदी बघून ठरवू नका, पूर्ण पान वाचा. फक्त ८ आणि १२ असलेली ओळ दोन्हीकडे चालून जाते.

काही जुन्या कागदांत आणे आकड्यात नसून रेघांत लिहिलेले असतात. उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यांच्याजवळची प्रत्येक आडवी रेघ एकेका आण्याची. दोन उभ्या रेघा बघून कुणी ११ वाचलं, की आठ आण्यांचे अकरा होतात आणि माप १.८९ मीटरने वाढतं. फरक बरोबर तीन आण्यांचा असेल आणि तोही ठरावीक ठिकाणीच येत असेल, तर मूळ कागद भिंगाखाली धरा. मोडीत लिहिलेली पानं असतील तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. अंदाजाने वाचू नका.

फरक मध्येच उडी मारतो

दहा नोंदींपैकी तीन-चार जुळतात आणि बाकीच्या एकदम दोन-अडीच मीटरने चुकतात, फरक कुठे लहान, कुठे मोठा. असं असेल तर दशांश आणि आणे यांची गल्लत झाली आहे.

१८७.४० ला १०.०५८४ ने भागलं की कॅल्क्युलेटर १८.६३ दाखवतो. यातले .६३ म्हणजे ६३ आणे नव्हेत, हे सगळ्यांना कळतं, कारण आणे सोळाच. पण मग पटकन ‘१८ साखळ्या ६ आणे’ लिहिलं जातं. त्या मापाचे परत मीटर केले तर १८४.८२ येतात. अडीच मीटर गेले! साडेतीन तास म्हणजे ३ तास ५ मिनिटं नव्हे, तसंच हे. दशांश भागाला सोळाने गुणायचं: ०.६३ गुणिले १६ म्हणजे १०.०८, म्हणून दहा आणे.

ही चूक लपून राहते, कारण सगळ्या नोंदी तिच्यात सापडत नाहीत. बरोबर पूर्ण साखळी असेल तिथे काहीच बिघडत नाही. ०.१ च्या आसपास फरक एका आण्याहूनही कमी पडतो. ०.९ च्या आसपास मात्र चौदा आण्यांऐवजी नऊ लिहिले जातात आणि तीन मीटरहून जास्त घट येते. लांबीशी या फरकाचा काही संबंध नाही, अपूर्णांकाशी आहे. म्हणून छोटी रेषा चुकते, लांब रेषा जुळते, असंही दिसतं.

हाच गोंधळ एकर-गुंठ्यातही होतो. जुन्या उताऱ्यावर १-२५ असेल तर तो १ एकर २५ गुंठे, म्हणजे दशांशात १.६२५ एकर. सव्वा एकर समजून पुढे गेलात तर पंधरा गुंठे कमी धरले गेले.

लांबीबरोबर थोडा-थोडा वाढणारा फरक

सगळ्यात जास्त भेटणारी अडचण ही आहे, आणि सगळ्यात जास्त भांडणंही हिच्यावरूनच होतात.

खूण अशी: पाच साखळ्यांपर्यंत सगळं जुळतं. दहा साखळ्यांना एक आणा जास्त येतो. वीस साखळ्यांना दोन. तुमचं माप नेहमी टिपणापेक्षा मोठं. याचा अर्थ कुणीतरी साखळी दहा मीटरची धरली आहे. आपल्या उदाहरणात १८७.४० ला दहाने भागलं की १८.७४ येतात, .७४ चे बारा आणे होतात आणि १८ साखळ्या १२ आणे असं उत्तर निघतं. खऱ्या उत्तरापेक्षा दोन आणे जास्त. तेच १८-१२ दुसऱ्या कुणी बरोबर साखळीने जागेवर टाकलं, तर दगड १.२० मीटर पुढे जाऊन पडेल.

साखळी दहा मीटरची कुणी मुद्दाम धरत नाही. ती चोरपावलांनी येते. एक मीटर म्हणजे ३.३ फूट, असं तोंडी गणित अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. ३३ ला ३.३ ने भागलं की बरोबर दहा. म्हणजे ३.३ वापरलं की नकळत दहा मीटरची साखळी वापरली. ३.२८ वापरलंत तर १८७ मीटरमागे पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, आण्याच्या हिशेबात तो काहीच नाही. ३.३ ने मात्र शंभर मीटरमागे ५८ सेंटिमीटर वाढतात.

दुसरी वाट मेट्रिक साखळीची. मोजणीच्या साहित्यात २० आणि ३० मीटरच्या साखळ्या आल्या. वीस मीटरच्या साखळीला पूर्वीसारख्याच शंभर कड्या, दिसायलाही ती गंटरच्या साखळीसारखीच. वीस मीटरची साखळी म्हणजे जुन्या दोन साखळ्या असं कुणी धरलं, की पुन्हा तेच ०.५८ टक्के. जुन्या दोन साखळ्या २०.११६८ मीटरच्या होतात.

फरक असाच लांबीबरोबर वाढतो, पण प्रमाण वेगळं असेल, तर त्याचा टक्का काढा. नऊ टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे १.०९४ पट असेल तर कुठेतरी मीटर आणि यार्ड एकच समजले गेले. साखळी अकरा यार्डांची, तिला अकरा मीटरची धरलं की हा फरक येतो.

चार ते आठ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तुम्ही टेपने मोजलेलं नसून संगणकावरच्या नकाशावर मोजलं आहे, असं मी बघण्याआधीच सांगू शकतो. उपग्रह चित्रांचे थर बहुतेक वेळा वेब मर्केटर या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या एका पद्धतीत, असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तशी लांबी फुगत जाते. १९ अंश अक्षांशावर ती साधारण ५.८ टक्क्यांनी जास्त दिसते, सोळा अंशांवर चार टक्के, बावीस अंशांवर जवळजवळ आठ. क्षेत्रफळात तर फुगवटा दुपटीने जाणवतो, १९ अंशांवर बारा टक्क्यांच्या आसपास. सॉफ्टवेअरमध्ये लंबवर्तुळाभावर (इंग्रजीत एलिप्सॉइड) मोजण्याचा पर्याय सुरू करा, नाहीतर प्रकल्पाचं प्रक्षेपण यूटीएम (मीटरमध्ये मोजणारं) ठेवा. यूटीएमची स्वतःची घट शंभर मीटरमागे जास्तीत जास्त चार सेंटिमीटर, ती इथे सोडून दिली तरी चालते.

त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत फुटाचे तीन-चार प्रकार दिसतात: आंतरराष्ट्रीय फूट, भारतीय फूट, अमेरिकी सर्व्हे फूट. शेताच्या लांबीला कुठलाही निवडा, फरक एक किलोमीटरमागे दोन मिलिमीटरच्या आसपास आहे. पण यूटीएमचे मूळ सहनिर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणारे पूर्व-उत्तर आकडे, फुटात बदलू नका. आपल्याकडे उत्तरेचा आकडा वीस लाख मीटरच्या घरात असतो, आणि तेवढ्या मोठ्या आकड्याला एकदा एक फूट आणि परतताना दुसरा फूट लागला की बिंदू तीन-चार मीटर सरकतो. मीटरमध्ये वजाबाकी करून आधी अंतर काढा, मग ते बदला.

मोबाइलच्या जीपीएसने घेतलेल्या दोन बिंदूंवरून आणे काढणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की पाच मीटरची चूक म्हणजे आठ आणे, अर्धी साखळी. आणि मोबाइलवर झाडीत पाच मीटरची चूक सहज होते.

बेरीज जुळत नाही

प्रत्येक तुकडा टिपणाशी जुळतो, पण एकूण लांबी जुळत नाही. इथे गोलाई चढत जाते.

समजा रेषेवर सारखे पाच तुकडे आहेत, प्रत्येक १२.९० मीटरचा. एका तुकड्याचे २०.५ हून थोडे जास्त आणे होतात, म्हणून २१ धरले. पाच तुकड्यांचे १०५ आणे, म्हणजे ६ साखळ्या ९ आणे. आता आधी मीटरची बेरीज करा: ६४.५० मीटर, त्याचे १०२.६ आणे, धरले १०३, म्हणजे ६ साखळ्या ७ आणे. तीच जमीन, तेच टेप, आणि दोन आण्यांचा फरक, सव्वा मीटर. मोजणीत कसलीच चूक नाही.

टिपणातल्या रेषेवरचे आकडे तसेही रेषेच्या सुरुवातीपासून चढत जाणारे असतात. ४-२, मग ७-११, मग १२-० असं दिसलं तर ते तीन तुकडे नव्हेत. तीनही अंतरं पहिल्या निशाणीपासून आहेत. तुम्हीही टेप शून्यावर ठेवून चढतं माप घ्या, प्रत्येक चढत्या मापाचं रूपांतर करा आणि तुकडा हवा असेल तर शेवटी वजाबाकी करा.

याच कारणाने जुळणीची अपेक्षाही माफक ठेवायला हवी. नोंद पूर्ण आण्यात असेल तर तिच्यातच मागेपुढे ३१ सेंटिमीटरची जागा आहे. १८ साखळ्या १० आणे लिहिलेली रेषा खरोखर १८७.०२ ते १८७.६५ मीटरमध्ये कुठेही असू शकते. फरक याच्या आत असेल आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पडत असेल, तर तुमचं रूपांतर बरोबर आहे. तिथे थांबा. टोटल स्टेशन मिलिमीटर दाखवतं म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत मिलिमीटर येत नाहीत.

स्प्रेडशीटमधले दोन घोटाळे

पहिला: उत्तरात ‘७ साखळ्या १६ आणे’ येतं. मीटरला साखळीने भागून पूर्णांक वेगळा काढला, बाकीचे आणे करून ते गोल केले, की हे घडतं. ८०.४० मीटर घ्या. पूर्ण साखळ्या ७, बाकी ९.९९ मीटर, त्याचे १५.८९ आणे, गोल केले की १६. उत्तर खरं म्हणजे ८ साखळ्या. कुणी ते १६ तसेच ठेवतं, कुणी पुसून शून्य करतं आणि साखळी वाढवायला विसरतं. मग एक अख्खी साखळी गायब. इलाज सोपा आहे, क्रम बदला. आधी मीटरला ०.६२८६५ ने भागून राउंड करा, त्याने एकूण आणे मिळतील. त्या आकड्याला सोळाने भागून इंट घेतलं की साखळ्या, आणि मॉडमध्ये सोळा दिलं की आणे. गोलाई एकदाच होते आणि १६ कधीच दिसत नाही.

दुसरा: १८-१० टाइप केलं की पेशीत १८ ऑक्टोबर उमटतं. १८-१४ मात्र तसंच राहतं, कारण चौदावा महिना नसतो. अर्धा रकाना तारखांचा आणि अर्धा मजकुराचा झाला की पुढची सूत्रं काहीही उत्तरं देतात, आणि ती इतकी विचित्र असतात की माणूस मोजणीवरच शंका घेतो. साखळ्यांचा रकाना वेगळा, आण्यांचा वेगळा ठेवा. एकत्र दाखवायचेच असतील तर तिसऱ्या रकान्यात सूत्राने जोडा.

नकाशावरून मोजलेलं असेल तर

टिपण हे प्रमाणात काढलेलं चित्र नसतं. त्यावरच्या रेषा पट्टीने मोजून काही हाती लागत नाही, लिहिलेले आकडे तेवढे खरे. हे माहीत नसल्यामुळे ‘टिपण चुकीचं आहे’ अशा तक्रारी होतात.

जुना गाव नकाशा मात्र प्रमाणात असतो. एक इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, १:७९२० असं प्रमाण तुमच्या नकाशावर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ७९.२ मीटर. त्याची नक्कल ३०० डीपीआयवर स्कॅन केली तर एक पिक्सेल ६७ सेंटिमीटरचा होतो, आण्यापेक्षा मोठा. शाईची पाव मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद. तेव्हा नकाशावरून कुठली रेषा कुठे आहे ते बघा, पण आणे नकाशातून काढू नका. झेरॉक्स प्रतीवर तर कागदाचं आकुंचन आणि यंत्राची टक्केवारी दोन्ही मिसळलेलं असतं. नकाशावर प्रमाणपट्टी असेल तर आधी ती मोजून प्रतीचं खरं प्रमाण काढा.

रूपांतर बरोबर, तरी फरक

वरचं सगळं तपासून झालं आणि फरक राहिलाच, तर तो जमिनीतला किंवा जुन्या साखळीतला असू शकतो.

उतारावर टेप जमिनीला लावून मोजलंत तर माप जास्त येतं, कारण नोंदीतलं अंतर आडवं असायला हवं. पाच अंशांच्या उतारावर शंभर मीटरमागे ३८ सेंटिमीटर, दहा अंशांवर दीड मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच आणे. टोटल स्टेशनवर तिरकं अंतर आणि आडवं अंतर असे दोन आकडे दिसतात, त्यातलं आडवं घ्या. टेप असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी, टेप आडवा धरून मोजा.

साखळीचं म्हणाल तर वापरून-वापरून कड्या ताणल्या जातात आणि साखळी लांबते. लांबलेल्या साखळीने घेतलेली नोंद खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. तपासायचं तर त्याच रेषेवरच्या दोन जुन्या, न हललेल्या निशाण्या शोधा. टिपणात त्यांच्यातलं अंतर २४ साखळ्या आहे, म्हणजे २४१.४० मीटर. जागेवर २४२.१० भरलं. गुणोत्तर १.००२९. मधल्या बिंदूंची जागा काढताना या रेषेपुरतं हे गुणोत्तर लावा आणि तसं कागदावर लिहा. मात्र १०.०५८४ या आकड्याला हात लावू नका. काही जण साखळीच १०.०९ ची करून टाकतात आणि पुढे शेजारच्या सर्व्हे नंबरलाही तीच वापरतात. तिथली साखळी वेगळी, माणसं वेगळी, ताणही वेगळा. नंतर कुणालाच कळत नाही की त्या आकड्यात मोजमाप किती आणि दुरुस्ती किती.

क्षेत्र काढताना

इथे आणा दोन प्रकारचा होतो, आणि तेच लक्षात राहत नाही. लांबीचा आणा साखळीचा सोळावा भाग. क्षेत्राचा आणा गुंठ्याचा सोळावा भाग, ६.३२ चौरस मीटर. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे क्षेत्राचा एक आणा. पण आणा गुणिले आणा म्हणजे क्षेत्राचा आणा नव्हे. तो त्याचाही सोळावा भाग आहे.

१८ साखळ्या १० आणे लांब आणि ६ साखळ्या ४ आणे रुंद तुकडा घ्या. घाईत लोक अठरा सक १०८ गुंठे आणि दहा चोक ४० आणे करतात, चाळीस आण्यांचे अडीच गुंठे, एकूण ११०.५. हे चूक आहे. साखळ्या गुणिले आणे हे दोन गुणाकार राहूनच गेले. सगळ्याचे आणे करून गुणा: २९८ गुणिले १०० म्हणजे २९,८००. भागा २५६ ने, कारण एका गुंठ्यात लांबीच्या आण्यांचे १६ गुणिले १६ चौकोन बसतात. येतात ११६.४१ गुंठे, म्हणजे २ एकर ३६ गुंठे साडेसहा आणे. घाईच्या उत्तरात जवळजवळ सहा गुंठे बुडाले होते.

हेच क्षेत्र मेट्रिकमध्ये ११,७७७ चौरस मीटर, सातबाऱ्यावर १ हेक्टर १७ आर ७७ चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे म्हणून एकच धरले, तर ११७.७७ गुंठे होतात, १.३६ गुंठे फुकटचे वाढले. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे, आर १०० चा. लांबीत ०.५८ टक्के असलेली चूक क्षेत्रात १.१७ टक्के होते. एका हेक्टरचे ९८.८४ गुंठे, शंभर नव्हेत.

काठी, पांड, बिघा

इनामाच्या किंवा वतनाच्या जुन्या कागदात बिघे असतात, आणि मीटरमधून बिघे करून द्या अशी मागणी येते. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, म्हणजे वीस काठी लांब आणि वीस काठी रुंद चौकोन, इथवर ठीक. पण काठी किती लांब? शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरवलेली होती, आणि तरीही हात आणि तसू (हाताहून लहान माप) यांची मापं प्रांतोप्रांती फिरत राहिली. काठी २.८ मीटरची धरली तर बिघा ३,१३६ चौरस मीटरचा. २.९ धरली तर ३,३६४ चा. दहा सेंटिमीटरने सव्वादोन गुंठे बदलतात.

म्हणून इंटरनेटवरचा बिघ्याचा कुठलाही तयार आकडा महाराष्ट्रातल्या जुन्या कागदाला लावू नका. बरेचसे आकडे उत्तरेकडच्या राज्यांचे असतात आणि तिथेही ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच गावाच्या दुसऱ्या कागदात एखादी जमीन बिघ्यात आणि पुढच्या मोजणीत एकर-गुंठ्यात नोंदलेली सापडली आणि तिच्या हद्दी बदललेल्या नसल्या, तर त्या जोडीवरून तिथला बिघा काढता येतो. अशा दोन-तीन जोड्या एकाच उत्तराजवळ आल्या तर तो आकडा त्या गावापुरता वापरा. नाही आल्या, तर कागदात बिघेच ठेवा आणि शेजारी आजचे चौरस मीटर वेगळे लिहा.

आणि हद्द प्रत्यक्षात ठरवायची वेळ आली, तर यातलं कुठलंही रूपांतर भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची जागा घेत नाही. रीतसर मोजणीचा अर्ज करा. अर्जाआधी टिपणाची नक्कल, तुमची चढती मापं मीटरमध्ये आणि त्यांचे साखळी-आणे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून ठेवा. भूकरमापक आला की नेमका कुठल्या निशाणीपाशी किती फरक आहे ते बोट ठेवून दाखवता येईल.